हे नको म्हणतात

आमची धाकटी जाऊ परदेशी शेतांवर राबायला निघाली, तेव्हा गल्लीत ज्याला त्याला तिचं कौतुक वाटलं. मला हेवा वाटला. उगाच गोड शब्दांत कशाला सांगू, पोटात दुखत होतं माझ्या, आणि तेही सकाळ-संध्याकाळ.

प्रकार काय तो आधी सांगते. जगात अशी शेतं आहेत म्हणे, जिथे रासायनिक खतं घालत नाहीत, औषधं फवारत नाहीत. सेंद्रिय शेती. सगळं हाताने करायचं, त्यामुळे हात कमी पडतात. मग आपल्यासारख्यांनी जायचं, दिवसाचे काही तास खुरपायचं, शेण काढायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे. पैसे मिळत नाहीत. राहायला खोली आणि जेवण मिळतं. एका शेतावर महिना-दोन महिने काढले की दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या शेतावर. असं वर्षभर. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे विमानाने जाऊन मोलमजुरी?" मी खो खो हसले. हसता हसता लक्षात आलं की धाकटी हसत नाहीये, आणि खरं तर मलाही हसू येत नाहीये.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. दोघा भावांनी मिळून काढलेली. माझे दीर गेले त्याला आता काही वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही तिघंच चालवतो. हे काउंटर सांभाळतात आणि कपडे पोचवतात. डाग काढणं धाकटीकडे. इस्त्री माझ्याकडे. कुठल्या डागाला काय लावायचं ते तिला वासावरून कळतं, आणि कुठल्या कॉलरला खळ किती ते मला बोटांवरून. आणि लॉजच्या चादरी दोघींकडे.

लॉजच्या चादरींची घडी एकटीला जमत नाही. दोघींनी दोन बाजू धरायच्या, झटकायचं, ताणायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून आमचं सगळं बोलणं असंच झालंय. टोकं जुळली की एक वाक्य, मागे सरलं की गप्प. भांडणंसुद्धा अशीच. कुणी रागावून बोललं तरी उत्तर द्यायला पुढच्या घडीपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे आमची भांडणं फार वाढली नाहीत. आज समोरचीचं काय बिनसलंय ते चादरीच्या ओढीवरून कळतं.

तर ही बाई शेतावर चालली. हिने आयुष्यात कुंडीत मेथीसुद्धा उगवलेली नाही. गच्चीवरच्या कुंड्या माझ्या. टोमॅटो, मिरच्या, पालक, सगळं मी लावते. भाजीची सालं कुजवून खत मी करते, आणि त्या पिंपाजवळून जाताना ही नाकाला पदर लावते. आता हीच मोबाइलवर गांडुळांचे व्हिडिओ बघत बसायची आणि मला सांगायची, "ताई, माती जिवंत असते, माहितेय?" मी म्हटलं, "हो का, मला वाटलं मेलेली असते." तिला टोमणा कळला नाही. ज्याचे पाय जमिनीवर नसतात त्याला टोमणे लागत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

तिच्याबरोबर केमिस्टबाई जाणार होत्या. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, त्यामुळे त्या मोकळ्या. पहिल्या शेताच्या मालकिणीची अटच होती की येणाऱ्यांनी जोडीने यावं. एक खोली, दोन पलंग, आणि कामंही दोघांची. एकाने शिडी धरायची, एकाने चढायचं. त्या मालकिणीचे जेवढे फोटो आले त्या सगळ्यांत तिच्या काखेत कोंबडी होती, म्हणून तिचं नाव आम्ही कोंबडीवाली ठेवलं. त्या फोटोंमधलं एक काचेचं घर मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आत टोमॅटोचे वेल छतापर्यंत गेलेले. मी इस्त्री करताना मनातल्या मनात त्यांना काठ्या बांधत असे. खालची पानं कुणी खुडलीच नव्हती, आणि धाकटीला ते दिसलंसुद्धा नाही.

पासपोर्ट काढायला ती निघाली तेव्हा मी सोबत म्हणून गेले होते. रांगेत उभंच राहायचंय तर आपलाही काढू, म्हटलं. असू द्यावा घरात. माझा तिच्याआधी आला. मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि मधूनमधून साड्या लावायला काढू लागले.

मग तिचे गमबूट आले, पाठीवरची भलीमोठी पिशवी आली. तिने केस कापून घेतले, मानेपर्यंत. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. कपडे टाकायला येणारी प्रत्येक बाई आधी तिची चौकशी करायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "तुम्ही नाही का जात?" मग माझं उत्तर ठरलेलं. "मीही गेले असते हो, पण यांचं कोण बघणार?" सगळ्या समजुतीने मान हलवायच्या. आमच्या यांना चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायची सवय आहे. साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांना आजही सांगावं लागतं. त्यामुळे माझ्या उत्तरात खोट काढायला कुणाला जागा नव्हती. काउंटरवर बसून हे ते ऐकायचे आणि पावत्या फाडत राहायचे.

आता सांगते ते मी कुणाजवळ बोललेले नाही. माझे दीर गेले तेव्हा मी धाकटीइतकीच रडले. तिच्याजवळ झोपले, तिला घास भरवले. पण पुढे तिने तिकीट काढलं, एकटीने, खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला न विचारता, आणि माझ्या मनात जे आलं त्याची मलाच लाज वाटली. मी स्वतःला म्हटलं, अगं बाई, तू कशाचा हेवा करतेस ते तरी बघ. बघितलं नीट. हेवा काही गेला नाही.

आणि निघायच्या तोंडावर केमिस्टबाई स्टुलावरून पडल्या. वरच्या फळीवरचा खोका काढायला गेल्या आणि मनगट मोडून घेतलं. मी लगेच सूप करून घेऊन गेले. त्यांच्या प्लॅस्टरवर हात ठेवून "अरेरे" म्हटलं आणि आतून मला गुदगुल्या होत होत्या. जोडी मोडली. कोंबडीवाली एकटीला घेत नाही. म्हणजे सगळंच बारगळलं. घरी येताना मी धाकटीला आवडतो म्हणून मधाचा केक घेतला. तिच्याशी त्या संध्याकाळी मी जितकी गोड वागले तितकी कधीच वागले नसेन.

दुसऱ्या दिवशी चादरी होत्या. पहिल्याच चादरीला तिची ओढ मला वेगळी लागली. हलकी. हिरमुसलेल्या माणसाची ओढ अशी नसते. टोकं जुळली तशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही चला."

मी मागे सरले. चादर ताणली. पुन्हा पुढे आले.

"कुठे?"

"माझ्याबरोबर. कोंबडीवालीला रात्रीच विचारलं मी. ती म्हणाली, दुसरं कुणी असेल तर आणा, तारीख पुढे नेऊ, कागद ती पाठवेल. दोन दिवसांत कळवायचंय."

पुन्हा मागे. माझ्या हातातलं टोक ओलं झालं होतं घामाने. आता पुढे येऊच नये असं वाटत होतं, पण चादर कुणाला थांबू देत नाही.

"आणि मी नाही आले तर?"

"तर मी ते शेत सोडून थेट दुसऱ्यावर जाईन. तिथे एकटी चालते. पण ताई, पासपोर्ट आहे तुमचा. झाडांचं सगळं तुम्हाला कळतं. मला टोमॅटोचं रोप दाखवलं तर वांग्याचं म्हणेन मी. ते काचेचं घर बघितलं तेव्हाच मला वाटलं होतं, इथे ताई हव्यात."

मी घडी तिच्या हातात दिली आणि गठ्ठ्यातली पुढची चादर ओढली. "यांना विचारते," म्हणाले.

विचारायची पण रीत असते. धाकटी केमिस्टबाईंना बघायला गेली होती तेव्हा मी जेवताना विषय काढला, आणि असा काढला की पलीकडच्याला नाही म्हणण्यावाचून गत्यंतर उरू नये. "धाकटीचं आपलं काहीतरीच," मी म्हटलं. "मला चल म्हणते. वर्षभर. इथे दुकान बंद पडेल, तुमचे खायचे-प्यायचे हाल होतील. मी सांगून टाकते नाही म्हणून."

ह्यांनी घास चावून संपवला. "जा की," म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "दुकानाचं काय?"

"बेकरीवाल्याची भाची काम शोधतेय. इस्त्रीला तिला ठेवू. डागांचं मी बघेन. लॉजला वर्षभर नाही म्हणू, दुसरं काय."

"तुमचं जेवण?"

"शिकेन. नाहीच जमलं तर बेकरी समोर आहे."

"माझा गुडघा दुखतो."

"तो इथेही दुखतोच."

माझ्याजवळची कारणं संपली. इतकी वर्षं मी ती पुरवून पुरवून वापरली होती, आणि या माणसाने एका जेवणात संपवून टाकली. वर हात धुताना विचारतात कसे, "तिथे थंडी असेल ना? माझा जाड कोट तुला होईल का बघ."

त्या दुपारी मी गच्चीवर जाऊन बसले. आनंद व्हायला हवा होता. काचेचं घर, छतापर्यंत गेलेले वेल, सगळं समोर आलं होतं, पण त्यात स्वतःला उभी करता येईना. विमानाची भीती नव्हती. इथे मी थोरली आहे. माझं ऐकतात. कुणाच्या शर्टाला काय झालंय ते आधी मला दाखवतात. तिथे मी कोण? भाषा न येणारी एक पिकलेल्या केसांची बाई, जिला कुणीतरी बोटाने दाखवणार की इथे खुरप. आणि ते बोलणं मला समजावून सांगणार कोण, तर धाकटी. तिच्या मागे मागे चालायचं, तिने सांगितलं की हसायचं. तिच्या जागी जायचं स्वप्न मी महिनोन्‌महिने रंगवलं होतं. तिच्या शेजारी जायचं एकदाही रंगवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी घाबरले. सरळ सरळ शेपूट घातली.

आणि घाबरले असं सांगण्यापेक्षा दुसरं एक सांगणं फार सोपं होतं.

सकाळी चादरी घेतल्या. ती एका बाजूला, मी एका बाजूला. झटकलं, ताणलं, पुढे आलो. टोकं जुळली आणि मी तिच्या तोंडाकडे न बघता म्हटलं, "हे नको म्हणतात."

मागे सरताना मला ओढ लागली नाही. बघते तर तिने तिची बाजू सोडून दिली होती. इतक्या वर्षांत तिने अर्ध्यात चादर सोडलेली मी पाहिली नव्हती. लॉजची पांढरीशुभ्र चादर जमिनीवर पडली आणि धाकटी तरातरा पडदा सारून काउंटरवर गेली. ती असं काही करेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ह्यांच्यासमोर ती कधी आवाज चढवून बोललेली नाही. मी चादरीचं माझं टोक तसंच हातात धरून तिच्या मागे धावले, त्यामुळे उरलेली चादर दुकानभर फरफटत आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही ताईंना का अडवता?"

हे हँगरवर डॉक्टरांचे कोट लावत होते. ते आधी तिच्याकडे बघत राहिले. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पडद्यापाशी उभी, हातात चादर, आणि तोंडावर काय होतं कोण जाणे. जे होतं ते त्यांनी पाहिलं.

त्यांनी हातातला कोट हँगरवर अडकवला. त्याची बटणं लावली, वरचंसुद्धा, जे आम्ही कधी लावत नाही.

"हो," ते म्हणाले. "मीच नको म्हटलं."

"पण का? एक वर्षाचा तर प्रश्न आहे. आयुष्यभर काम केलंय त्यांनी तुमच्या दुकानात."

"केलंय ना. म्हणूनच." ते थोडे अडखळले. "मला जमायचं नाही तिच्याशिवाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते असं, दुसरीला सांगताना, आणि खोटं बोलताना.

मला वाटलं धाकटी आता तोंड सोडेल. पण तसं झालं नाही. तिचा सगळा राग कुठे गेला कळेना. काउंटरच्या कडेवर तिने हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मग राहू दे. मला असं म्हणायला कुणी असतं ना, तर मीही गेले नसते." मग वळून तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती. गेले कित्येक महिने ती मी माझ्याच तोंडावर वागवत होते. माझ्यापाशी काहीतरी आहे आणि तिच्यापाशी नाही, म्हणून ती जळत होती, आणि तिला खाली मान घालूनही ते लपवता येत नव्हतं. ती जिन्याने वर निघून गेली.

मी चादर गोळा केली. ती पुन्हा धुवावी लागणार होती. तिच्यावर पायांचे ठसे दिसत होते, त्यातले बरेचसे माझे.

"तुम्ही कशाला खोटं बोललात?" मी विचारलं.

ते पुढच्या कोटाकडे वळले होते. "काल तू विचारलंस तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही," म्हणाले. "तुला जायला कुणाची परवानगी नको होती. तुला नको म्हणणारा हवा होता. काल चुकलो, आज म्हटलं."

मला त्यांच्यावर असा संताप आला की काय सांगू. हा माणूस आडवा येतो म्हणून माझं राहिलं, या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं त्यांच्याशी धुसफुसत आले होते. आता त्यांच्यावर चिडायचीसुद्धा सोय त्यांनी ठेवली नाही.

धाकटी ठरल्या दिवशी गेली, थेट दुसऱ्या शेतावर. टॅक्सीत बसताना तिने मला घट्ट धरलं आणि कानाशी म्हणाली, "भाऊजींवर रागावू नका हं ताई." मी मान हलवली. मोठी पिशवी डिकीत मावेना म्हणून ती मांडीवर घेऊन बसली, केस कापलेली, लहान दिसणारी. टॅक्सी वळणावर जाईपर्यंत ती हात हलवत होती आणि मी हात हलवत होते आणि माझ्या जिवाची लाही होत होती. म्हणजे अजूनही. जायचं दार उघडलं होतं, मी पाऊल टाकलं नव्हतं, तरी जी गेली तिच्यावर जळायचं काही थांबेना.

ती गेल्यावर गल्लीला बोलायला विषय मिळाला. धाकटीने जाण्याआधी सगळ्यांना सांगितलं असणार, म्हणजे चहाडी म्हणून नव्हे, मला बरं वाटावं म्हणून. केमिस्टबाई प्लॅस्टरचा हात सांभाळत येतात आणि यांच्याशी मोजकंच बोलतात. परवा बेकरीवाला स्वतः एप्रन टाकायला आला. मी आत इस्त्री करत होते. तो रांगडा माणूस, मनात आलं ते बोलतो.

"रागावू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही बरं नाही केलंत. वहिनींना जाऊ द्यायचं होतंत. ह्या वयात कुणाला पुन्हा अशी संधी मिळते? माणसाने इतकं स्वार्थी असू नये."

मी इस्त्री उभी करून ठेवली. यांनी पावती फाडली.

"चुकलंच माझं," हे म्हणाले. "एप्रन उद्या देतो."

मध्ये फक्त पडदा होता. तो बाजूला करून एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. मी तिथेच उभी राहिले. बेकरीवाल्याची पावलं रस्त्यावर गेली, समोर त्याचं दार उघडून मिटलं, आणि मग मी इस्त्री पुन्हा हातात घेतली.